पुण्यात संशोधन करायचे, पण कशात? चार विज्ञानशाखांचा तुलनात्मक आढावा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि पुढे पीएचडीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पुणे सोयीचे शहर आहे, आणि तितकेच गोंधळात टाकणारेही. विद्यापीठ चौकापासून पाषाणपर्यंतच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, महासंगणक बनवणारी सीडॅक आणि विज्ञानाचे शिक्षण व संशोधन करणारी आयसर या संस्था आहेत. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. शिवाय पदवी एका विषयाची असली म्हणून वाट ठरून गेलेली नसते. भौतिकी शिकलेला विद्यार्थी संगणकाकडे वळू शकतो, रसायनशास्त्राचा पेशीविज्ञानाकडे जाऊ शकतो आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे तर जंगलापासून जनुकापर्यंत सगळेच पर्याय उघडे असतात. अशा वेळी ‘आवड असेल ते करा’ हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा पडतो, कारण वर्गात आवडलेला विषय आणि त्या विषयातील संशोधकाचा रोजचा दिवस यांत पुष्कळ अंतर असते.

माझ्या मते प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकी आणि संगणकशास्त्र या चार शाखांची तुलना करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की कामाचा कच्चा माल कोठून येतो आणि त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागते.

प्राणिशास्त्रात, निदान वर्गीकरण आणि परिसंस्था या अंगांनी काम करणाऱ्यांना, पावसाची वाट पाहावी लागते. सह्याद्रीतील बहुतेक बेडकांचे नर पावसाळ्याच्या महिन्यांतच मादीला साद घालतात, त्यामुळे ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या परिसरातील त्यांचे काम रात्रीचे, भिजत आणि जळवा झटकत करायचे असते. एका नराचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि त्याच वेळी हवेचे तापमान व आर्द्रता वहीत टिपायची, कारण तापमान बदलले की सादेचा वेगही बदलतो आणि ही नोंद नसेल, तर ते ध्वनिमुद्रण तुलनेसाठी निरुपयोगी ठरते. नमुना घेतलाच, तर स्नायूचा किंवा यकृताचा बारीक तुकडा डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये जातो, उरलेला प्राणी आधी फॉर्मेलिनमध्ये आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला जातो, आणि जात नवी ठरली तर तो नमुना नोंदणी क्रमांकासह संग्रहालयात कायमचा राहतो. या सगळ्याच्या आधी परवानगीचा कागद असतो. अभयारण्यात काम करायचे असल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची मान्यता लागते. अर्ज नागपूरला जातो आणि पाऊस काही त्या कागदासाठी थांबत नाही. एक पावसाळा हुकला की वर्ष गेले, हे गणित ज्याला सोसवणार नाही त्याने या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. भर म्हणजे, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये अभ्यासक्रमातून विच्छेदन वगळल्यामुळे आताच्या विद्यार्थ्याला प्राण्याचा नमुना हातात धरण्याची सवयही बहुधा पीएचडी सुरू झाल्यावरच लागते.

तरीही या शाखेला ‘नुसती नावे ठेवण्याचे काम’ म्हणून हिणवले जाते, ते मला पटत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर झालेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन पाहावे. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने, सुमारे एक चतुर्थांशच आढळले. परिणामी तेथे सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांचे वागणेही बदलले. स्वच्छ ऊर्जेचा एक प्रकल्प अन्नसाखळीतील वरची पायरी कशी पुसट करतो, हे दाखवायला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही; पठारावर जाऊन चिकाटीने केलेली मोजणी आणि विचारलेला नेमका प्रश्न यांवर ते काम उभे राहिले. कमी पैशांत मूलभूत प्रश्नाला हात घालण्याची ही मुभा उरलेल्या तीन शाखांत क्वचितच मिळते.

रसायनशास्त्राला ऋतूंशी देणेघेणे नाही. सोमवारी लावलेली रिअॅक्शन फसली तर मंगळवारी पुन्हा लावता येते. पण याच सोयीमुळे हा विषय माणसाला सर्वांत अधिक दमवतो. येथील वाट पाहणे तासातासाचे असते आणि ते संपत नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या लॅबमधला सामान्य दिवस असा जातो: रिअॅक्शनमधील थेंब केशनळीने टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातील पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या, पट्टीवर टाकायचा, पट्टी अतिनील दिव्याखाली धरून ठिपका कितपत सरकला ते बघायचे, सुरुवातीचा पदार्थ संपला असेल तर पदार्थ वेगळे करण्यासाठी नळीत सिलिकाचा कॉलम भरायचा, पेट्रोलियम ईथर आणि इथाइल अॅसिटेटचे प्रमाण हळूहळू बदलत एकेक परीक्षानळी गोळा करायची, प्रत्येक नळीचा पुन्हा टीएलसी घ्यायचा, आणि संध्याकाळी हातात आलेले काही मिलिग्रॅम रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीसाठी द्यायचे. दुसऱ्या दिवशी आलेख येतो. त्यात ७.२६ वर क्लोरोफॉर्म या द्रावकाचे शिखर असते, ते सर्वांच्याच आलेखात असते. हवी ती शिखरे मात्र नसतात, आणि असली तरी उत्पन्न बारा टक्के भरते. मग तापमान बदला, उत्प्रेरक बदला आणि पहिल्यापासून सुरुवात करा. हे ज्याला रटाळ वाटते त्याच्यासाठी रसायनशास्त्र नाही. ज्याला त्यात स्वयंपाकघरात पदार्थ जमेपर्यंत हात चालवत राहणाऱ्या माणसाची मजा वाटते, त्याला पुण्यासारखे ठिकाण शोधून सापडणार नाही.

कारण ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनसीएलचा, उद्योगांशी असलेला संबंध जुना आणि खरा आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटाची बस २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली, ती एनसीएल जिचा भाग आहे ती सीएसआयआर ही शासकीय संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांच्या संयुक्त कामातून. एकस्व, म्हणजे पेटंट, हा शब्द येथे रोजच्या बोलण्यात असतो, आणि म्हणूनच वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावली जाते. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. प्रायोजित प्रकल्पावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आपले निष्कर्ष एकस्वाचा अर्ज होईपर्यंत जाहीर करता येत नाहीत, आणि शोधनिबंध तेवढे लांबतात.

भौतिकीत, विशेषतः पुण्यात ज्या अंगाचा दबदबा आहे त्या खगोलभौतिकीत, वाट पाहायची ती रांगेत. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. त्यांतील चौदा मध्यभागी एकवटलेल्या आहेत आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली आहे, याचा अर्थ असा, की पुण्यातल्या विद्यार्थ्यालाही प्रस्ताव लिहूनच वेळ मिळवावा लागतो. मिळालेल्या तासांत मोबाइलच्या आणि इतर विद्युत उपकरणांच्या लहरी मिसळल्या तर तेवढी माहिती गाळून टाकावी लागते. एकदा माहिती हाती आली, की पुढचे कित्येक महिने पडद्यासमोर जातात. ‘आकाश बघायला मिळेल’ म्हणून आलेल्यांना ही गोष्ट कोणीतरी आधीच सांगायला हवी: रेडिओ खगोलशास्त्रज्ञ दिवसभर प्रोग्रॅम लिहितो.

भौतिकीचे आणखी एक वेगळेपण म्हणजे कामाचा आकार. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीचा शोधनिबंध एक हजाराहून अधिक लेखकांचा होता. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होऊ घातलेल्या, अशाच लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली असून त्यात आयुकाचा महत्त्वाचा वाटा आहे. आदित्य-एल १ यानावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीणही आयुकाने विकसित केली. अशा प्रकल्पात सामील होणे अभिमानाचे असते, पण आपल्या नावावर स्वतंत्र म्हणता येईल असे काय उरले, हा प्रश्न पुढे मुलाखतीत विचारला जातोच. उलट २०१७ मध्ये आयुका आणि आयसरच्या छोट्या गटाने ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला, तो आधीच उपलब्ध असलेल्या आकाश सर्वेक्षणाच्या माहितीतून. घनपदार्थ भौतिकी किंवा प्रकाशविज्ञानात गट लहान असतात. तेथे अडते ते एखादा सुटा भाग परदेशातून येईपर्यंत.

संगणकशास्त्रात कोणाचीच वाट पाहावी लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने अडचणही तीच आहे. माहितीसंच उतरवून घेता येतो, प्रोग्रॅम रात्रीत चालवता येतो. पण तोच माहितीसंच त्याच रात्री जगातील असंख्य लोकांनी उतरवलेला असतो. या विषयात नियतकालिकांपेक्षा परिषदांना मान असल्यामुळे वर्षाची आखणी परिषदांच्या अंतिम तारखांवर होते. पुण्याला या क्षेत्रातील इतिहास आहे, यात शंका नाही. परदेशातून अत्याधुनिक महासंगणक मिळण्यात अडथळे येऊ लागल्यावर १९८८ मध्ये सीडॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. आज आयसरमध्ये परम ब्रह्म आहे आणि पाषाणच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक हवामानाची गणिते सोडवतो. मात्र हे यंत्रबांधणीचे आणि यंत्रवापराचे वैभव आहे. निव्वळ सैद्धांतिक संगणकशास्त्रात पीएचडी करायची असेल, तर पुण्याबाहेर, निदान पवईच्या आयआयटीपर्यंत तरी, नजर टाकलेली बरी.

आता प्रवेशाचे. येथे एक बारकावा पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतो. सीएसआयआर-नेट ही परीक्षा रासायनिक, भौतिक, जीव, गणिती आणि पृथ्वी या पाच विज्ञानांत होते. संगणकशास्त्र त्यात नाही. त्यासाठी यूजीसी-नेट किंवा गेट द्यावी लागते. भौतिकीला नेटखेरीज जेस्ट या प्रवेश परीक्षेचा मार्ग आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र विषय नसून जीवविज्ञानाचा एकच पेपर असतो, आणि तेरा घटकांच्या त्या अभ्यासक्रमात रेणू, पेशी आणि जनुके यांचा भरणा मोठा आहे. प्राणी ओळखण्यात तरबेज असलेली मुले याच पेपरला अडखळतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेल्या सेट परीक्षेने महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता मिळते, पण फेलोशिप मिळत नाही, हेही पालकांना एकदा नीट समजावून सांगावे.

पैशांच्या बाबतीत चारही शाखा एकाच पातळीवर आहेत. कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम सुरुवातीलाच ७०,००० रुपये आहे, मात्र ती मोजक्या संस्थांत आणि कडक निवडीनंतर मिळते. फरक जाणवतो तो मित्रांकडे पाहिल्यावर. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रक्कम बरी वाटते, कारण त्याच्या वर्गमित्राला बाहेर तेवढे मिळेलच असे नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा वर्गमित्र हिंजवडीच्या आयटी कंपनीत असतो. पीएचडी अर्धवट सोडण्याचा मोह त्यामुळे कोठे अधिक, हे वेगळे सांगायला नको.

पदवीनंतरचे चित्रही असेच असमान आहे. रसायनशास्त्राला औषध आणि कृषिरसायन कंपन्यांचा आधार आहे. कुरकुंभची औद्योगिक वसाहत तर दौंडच्या वाटेवरच आहे. भौतिकीत परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे मुदतीचे संशोधन, जवळपास गृहीत धरलेले असते, आणि परत आल्यावर जागा निघेपर्यंत वय पस्तिशीकडे झुकते. माहितीच्या विश्लेषणाचे कौशल्य असल्यामुळे बाहेरची नोकरी मात्र सहज मिळते. प्राणिशास्त्राची दारे सर्वांत कमी. सर्वेक्षण संस्थेतील वैज्ञानिकांच्या मोजक्या जागा, पर्यावरण परिणाम अहवालांची कामे, स्वयंसेवी संस्था, नाहीतर महाविद्यालयातील शिकवणे, आणि तेही अनेकदा घड्याळी तासिकांवर. ज्याच्यावर घराची जबाबदारी लवकर पडणार आहे, त्याला मी निव्वळ वर्गीकरणशास्त्राचा सल्ला देणार नाही. त्याच प्राण्यांवर काम करताना डीएनए आणि संख्याशास्त्र पक्के करण्याचा सल्ला देईन.

हल्ली ‘सगळे एआयकडेच चालले आहे, मग संगणकच घेऊ’ असे ऐकू येते. बेडकांच्या सादांतून जात ओळखणारे किंवा रेणूंचे गुणधर्म आधीच वर्तवणारे प्रोग्रॅम बनत आहेत, हे खरे. पण त्या प्रोग्रॅमला शिकवायला लागणारी, तापमानासह टिपलेली, खात्रीने ओळख पटवलेली ध्वनिमुद्रणे कोणीतरी भिजत जाऊन आणलेली असतात. बेडूक जाणणाऱ्याला पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला सहा महिने पुरतात. पायथॉन जाणणाऱ्याला बेडूक शिकायला कितीतरी पावसाळे लागतात. संगणक हे साधन म्हणून हवे असेल, तर त्यासाठी संगणकशास्त्राची पीएचडी करण्याची गरज नाही.

निर्णय घेण्यापूर्वी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण पाहून यावी. पण त्या दिवशी सगळ्याच संस्था आपली चांगली बाजू मांडतात, म्हणून खरी माहिती उन्हाळी प्रकल्पात मिळते. मे महिन्यात लॅबमध्ये बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये चहा पाजून तीन गोष्टी विचाराव्यात: गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला किती वर्षे लागली, फेलोशिपचे पैसे वेळेवर येतात का, आणि गेल्या महिन्याभरात त्याचे कोणते काम फसले. नियमानुसार पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची आहे, आणि त्यातला फरक विषयापेक्षा गाईडमुळे अधिक पडतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तो वैतागला तर हरकत नाही, ते साहजिक आहे. त्याला फसलेले काम आठवलेच नाही, तर मात्र दुसरी लॅब पाहावी.