कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस : कंस टाकणारा कॅल्क्युलेटर

शिकवणीसाठी नवा कॅल्क्युलेटर घेताना लोक साइन-कॉस दाबून बघतात. मी दुकानातच ४२९४९६७२९७ टाकतो. दहा अंकी आहे, या पडद्यावर एकही अंक न गाळता मावते.

ही संख्या येते कुठून? २ घ्या, वर्ग करत जा: ४, १६, २५६, ६५५३६. प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माला वाटलं, पुढेही असंच चालणार. पुढची म्हणजे आपली ही. आणि गंमत अशी की आधीच्या त्या पाचांचा गुणाकार हिच्यापेक्षा फक्त २ ने कमी भरतो. करून बघा, पडद्यावर ४२९४९६७२९५ येईल.

तर, संख्या टाकून बरोबरच्या चिन्हाचं (=) बटण, मग शिफ्ट आणि अंश-मिनिटांचं बटण (वर बारीक पिवळ्या अक्षरात फॅक्ट लिहिलंय, म्हणजे मूळ अवयव पाडणं; चाळिशी लागते). उत्तर: ६४१×(६७००४१७).

हा कंस बघून मी पैसे मोजले. या मशीनला तीन अंकांपर्यंतचेच मूळ अवयव काढता येतात. उरलेला भाग त्याला फोडता आला नाही की तो कंसात टाकतो. म्हणजे ‘ही मूळ आहे’ अशी थाप मारत नाही. ६७००४१७ खरोखर मूळच आहे, पण ते सिद्ध करणं त्याच्या आवाक्यातलं नाही आणि तो तसं कबूल करतो. गणिताच्या मास्तराला यापेक्षा काय हवं?

गणिती ऑयलरनं १७३२ मध्ये हे ६४१ हातानं काढलं. सगळे आकडे चाचपत बसायची गरज नव्हती: हिचा कुठलाही अवयव ६४ च्या पाढ्यात १ मिळवूनच येतो. त्यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ भागून बघा, दशांश चिन्ह येतं. मग चौसष्ट दाहे सहाशे चाळीस, अधिक एक. पोरांना हे आधी करायला लावतो, फॅक्टचं बटण नंतर दाखवतो.

आणखी एक: ६५५३६² + १² ही तर उघडच आहे, पण २०४४९² + ६२२६४² सुद्धा तेवढेच. दोन वर्गांची बेरीज दोन वेगळ्या रीतींनी जमली, तिथेच ती मूळ नाही हे ठरलं.

उणीव विचाराल तर दहा अंकांपुढे फॅक्ट चालत नाही. याच ओळीतली पुढची संख्या वीस अंकी, ती थेट १.८४४६७४४०७×१०¹⁹ अशी छाटून मिळते. शेवटचे अंक हवे असतील तर कागद घ्या किंवा संगणक. मॅट्रिक्स, इंटिग्रेशनही यात आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना ते लागेल, मला क्वचितच. पाचपैकी साडेचार.