केव्ह-इन-रॉक स्विचग्रास: ३१ महिन्यांनंतर, आणि पिशवीवरच्या त्या एका आकड्याबद्दल

गेल्या आठवड्यात इथे मिशिगनमध्ये ओला, जड बर्फ पडला. सकाळी खिडकीतून पाहिलं तर रस्त्याकडेचा माझा स्विचग्रासचा, म्हणजे आडोशासाठी लावलेल्या उंच गवताचा, पट्टा आडवा झालेला. पोटात गोळाच आला. दोन दिवसांनी ऊन पडलं, बर्फ गळला आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक गवत पुन्हा उभं राहिलं. पेरल्यावर तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, मी परीक्षणात या बियाण्याला पाचपैकी एक तारा दिला होता, तो आज बदलते आहे. दुकानाला दिलेला मात्र तसाच राहील.

आमची बारा एकर जमीन आहे. मागे जंगल, पुढे रस्ता. आम्ही शिकार करत नाही. पण १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या आधीपासूनच रस्त्यावर गाड्या थांबायला लागतात. कुणी मोबाइल काढतं, कुणी रात्री दिवा मारतं. पांढऱ्या शेपटीची हरणं मग दिवसा जंगलाबाहेर पाऊलच टाकत नाहीत. आम्हाला रस्ता आणि शेत यांच्यामध्ये एक आडोसा हवा होता, आणि तो बर्फातही टिकायला हवा होता.

स्विचग्रासचा वाण निवडताना मी बरेच दिवस घोळ घातला. कॅनलो जास्त उंच वाढतो, पण तो ओक्लाहोमाकडचा, इथल्या थंडीत त्याचा भरवसा वाटेना. ब्लॅकवेल बुटका. केव्ह-इन-रॉक मूळचा दक्षिण इलिनॉयमधला, १९७३ पासून बाजारात आहे आणि ताठ उभा राहण्याबद्दल त्याचं नाव आहे. मिसकँथस हे दुसरं उंच गवत, पण त्याचे कंद एकेक करून विकत घ्यावे लागतात. एकरभर लावायचे तर तो खर्च मला परवडण्यातला नव्हता. दहा पौंड बी १४ डॉलर पौंडाने घेतलं, पाठवणावळ वेगळी.

मे २०२३ मध्ये आठ पौंड बी एकरभर पट्ट्यात फोकलं आणि वरून रोलर फिरवला. बी पाव इंचापेक्षा खोल जाता कामा नये, ती काळजी घेतली. जून गेला, जुलै गेला. फॉक्सटेल आणि रॅगवीड ही तणं कमरेला लागली. स्विचग्रास शोधावं तिथे दहा पावलांत एक काडी. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "वाट बघा." पैसे परत नाहीत, बदली बी नाही, आणि वाट का बघायची तेही सांगेनात. त्याच रात्री मी तो एक तारा दिला.

पुढच्या रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. अण्णा बार्शीकडे सोयाबीन आणि ज्वारी करतात. पहिला प्रश्न त्यांचाच, "पिशवीवर उगवण किती लिहिलीय?" मी पिशवी शोधून वाचून दाखवली. शुद्धता ९८ टक्के. उगवण २२ टक्के. "बावीस? आणि तू घेतलंस? आपल्याकडे सोयाबीनला सत्तरच्या खाली पिशवी उचलत नाहीत गं!" आणि मग त्याच्याखाली, बारीक अक्षरात, तिसरा आकडा: सुप्त बी ६८ टक्के.

सगळं या आकड्यात आहे. इथे गवताचं बी 'पीएलएस' म्हणजे शुद्ध जिवंत बियाण्यावर मोजतात, आणि सुप्त बीही त्यात जिवंत म्हणून धरतात. २२ आणि ६८ मिळून ९०, गुणिले शुद्धता, म्हणजे ८८ टक्के. कागदावर झकास. पण सुप्त बियाला ओल्या जमिनीत थंडी मिळाल्याशिवाय ते जागं होत नाही. मी मे महिन्यात पेरलं, थंडी संपल्यावर. माझ्या आठ पौंडांतलं त्या उन्हाळ्यात उगवू शकणारं बी जेमतेम पावणेदोन पौंड होतं. बाकीचं झोपलेलं. लेबलवर आकडा खरा छापला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मे महिन्यात बी विकताना, आणि नंतर फोनवरही, एवढं एक वाक्य दुकानदाराला सांगता आलं असतं. माझा एक अख्खा हंगाम गेला, आणि तोवर मी स्वतःच्या जमिनीलाच दोष देत बसले.

उरलेले दोन पौंड मी ठेवले होते. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी, रात्री गोठणं आणि दुपारी वितळणं सुरू झाल्यावर, पाव एकरात उघड्या मातीवर नुसते फोकले. याला इथे फ्रॉस्ट सीडिंग म्हणतात. माती फुगते, भेगाळते, बी आपोआप आत जातं आणि थंडीही मिळते. तेच बी, तीच पिशवी, आणि जूनमध्ये तिथे ओळीने पेरल्यासारखी दाट रोपं!

मोठ्या पट्ट्यातही त्याच जूनमध्ये आदल्या वर्षीचं बी वर आलं. तेव्हा मी गुडघ्यावर बसून एकेक रोप तपासत होते, कारण रोपं लहान असताना स्विचग्रास आणि फॉक्सटेल सारखेच दिसतात. पातं खोडाला जिथे मिळतं तिथे, पात्याच्या वरच्या बाजूला बुडाशी, दाट पांढऱ्या लवेचा त्रिकोण दिसला की ते आपलं. तरीही शंका आली तर रोप मातीसकट अलगद उचला, मुळाशी बियाचं टरफल चिकटलेलं असतं. गुळगुळीत, चकचकीत. अण्णांना ते दाखवलं तर म्हणाले, "ही तर वरीची बहीण." खरंच आहे, दोन्ही पॅनिकम.

तणाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आठ इंचांवरून दोनदा कापणी केली, त्याहून खाली नाही. खत अजिबात घातलं नाही, नत्र दिलं की तणच माजतं. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाला परवाना लागतो, माझ्याकडे नाही. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, स्विचग्रास अजून सुकलेलं आणि बाकीचं गवत हिरवं असताना, एकदा ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मारलं. तेवढं पुरलं.

पहिल्या दोन वर्षांत आडोसा म्हणून रस्त्यालगत ज्वारीच्या जातीची एक पट्टी पेरली होती. सप्टेंबरात ती बघून घर आठवायचं. पण डिसेंबरच्या पहिल्या बर्फात ती मोडते आणि पुन्हा उठत नाही, दरवर्षी बियाण्याचा खर्च वेगळा. यंदा पेरली नाही.

यंदा तिसरा उन्हाळा. पट्टा माझ्या डोक्याच्या वर गेला, साडेपाच-सहा फूट. हरणं हे गवत फारसं खात नाहीत, तेव्हा चाऱ्यासाठी लावणार असाल तर लावू नका. ती त्यात बसतात. परवा बर्फ ओसरल्यावर मी कडेकडेने आत गेले तर चार जागी गवत दाबलेलं, लंबगोल, बर्फ अंगाच्या उबेने जमिनीपर्यंत वितळलेला. एका खोलग्यात पिंगट केस चिकटले होते. रस्ता तिथून पन्नास फुटांवर. एक ट्रक गेला, मला त्याचा नुसता आवाज आला, ट्रक दिसला नाही.

बियाण्याला पाच तारे. पूर्वेच्या कोपऱ्यात अजून टक्कल आहे, तिथल्यासाठी दोन पौंड मागवलेत, दुसऱ्या दुकानातून. ऑर्डर देण्याआधी त्यांना लेबलचा फोटो पाठवायला सांगितला: उगवण ३१, सुप्त ६०. फेब्रुवारीच्या शेवटी फोकणार आहे.