आरबोरेक की बांदा नेइरा? दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर

बाली-लोम्बोक झाल्यावर 'आता जरा लांबचं, शांत गाव बघू' म्हणणाऱ्यांची गाडी बरेचदा दोन नावांवर येऊन अडते. दोन्ही इंडोनेशियाच्या पूर्वेकडची बेटं: एक राजा अम्पात बेटसमूहातलं आरबोरेक, दुसरं मालुकू बेटांतलं बांदा नेइरा (सावंतवाडीच्या पुढचं बांदा वेगळं). समुद्र दोन्हीकडे स्वच्छ, प्रवाळ दोन्हीकडे पोटभर. ऑक्टोबर-नोव्हेंबर दोघांनाही चालतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी कामी येते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही ठिकाणं टाळा, वारा फार. रुपियांचा हिशेब मनातल्या मनात करायचा तर 1 लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये. रोकड वाटेतल्या शहरातच, म्हणजे राजा अम्पातसाठी सोरोंगला किंवा बांद्यासाठी अंबोनलाच काढा, पुढच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका. सिम टेल्कोमसेलचंच घ्या.

पोहोचण्यात राजा अम्पात सरळ जिंकतं. जकार्ताहून रात्रीचं विमान धरलं की सकाळी सोरोंग. तिथून राजा अम्पातमधल्या वायसाई या गावाला रोजची फेरीबोट, दोन तासांत पलीकडे. परदेशी माणसाला प्रवेशाचं तिकीट आणि संवर्धन कार्ड मिळून साधारण 10 लाख रुपिया पडतात. पुढे होमस्टेवाला बोट घेऊन वायसाईच्या धक्क्यावर येतो. माशांसाठी यायचं असेल तर वादच नको. इथल्याच केप क्री या जागी एका डाइव्हमध्ये माशांच्या 374 जाती मोजल्या गेल्या आहेत. आरबोरेकच्या जेटीखाली तर नुसतं तोंड पाण्यात घातलं तरी माशांचा थवा अंगाभोवती फिरतो. गावातल्या बायका केतकीच्या जातीच्या पानांच्या टोप्या आणि पिशव्या विणतात, त्या घेण्यासारख्या आहेत. राहण्याचा दर माणशी, तिन्ही वेळच्या जेवणासकट असतो. वीज बहुतेक ठिकाणी संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढीच. मलेरिया आहे, तेव्हा गोळ्यांचं निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्या.

आता तिथली डोकेदुखी: पेट्रोल. आरबोरेक बेटाला पायी फेरी मारायला अर्धा तासही लागत नाही. त्यानंतर जे काही बघायचं, ते बोटीनेच. मांटा हा पंखांसारखे कल्ले असलेला मोठा मासा बघायला बोट, पियानेमो बेटावरच्या टेकडीवर चढायला बोट, शेजारच्या बेटावर जायलाही बोट. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. पियानेमोची एक फेरी 20 लाख रुपियांच्या घरात सहज जाते. चौघे असाल तर ठीक, एकटे-दुकटे असाल तर रोज रात्री जेवणाच्या टेबलावर 'उद्या कोण येतंय?' विचारत बसायचं. ठरवताना चार गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या. भाव 'सातू पेराहू, पुलांग-पर्गी', म्हणजे पूर्ण बोटीचा आणि जाऊन-येऊन आहे ना? पेट्रोल त्यातच धरलंय ना? थांबे किती? आणि उतरण्याचं वेगळं तिकीट कोण भरणार? यातला एक जरी प्रश्न राहिला तरी वाद परतीच्या वाटेवर होतो, आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसतं. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं, त्या वेळी बोट धरूच नका.

बांदा नेइराचा त्रास नेमका उलट्या जातीचा आहे. एकदा पोहोचलात की पायांवर सगळं गाव. पंचकोनी बेल्जिका किल्ला, 1936 ते 1942 हद्दपारीत असताना स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हाता राहिले ते घर, बाजार, धक्का, सगळं चालत. खाडीपलीकडे गुनुंग आपी हा ज्वालामुखी. साडेसहाशे मीटरच्या आसपासच आहे, पण चढ उभा आणि खडी सुटी, म्हणून पहाटेच निघा. उतरताना पाय जास्त घसरतात. 1988च्या उद्रेकातला लाव्हा समुद्रात गेला, त्यावर पुन्हा वाढलेलं प्रवाळ किनाऱ्यालगतच बघता येतं.

जायफळाच्या बागांसाठी समोरच्या बांदा बसारला जायचं. सार्वजनिक बोट भरली की सुटते, पंधरा मिनिटांत पोचवते. आपल्याकडे कोकणात जायफळ माडा-पोफळीच्या सावलीत वाढतं, इथे उंच कनारी झाडांखाली. लांब बांबूच्या टोकाला छोटी टोपली आणि दोन दाते असतात, त्याला 'गाय-गाय' म्हणतात. तडकलेलंच फळ दात्यात अडकवून खेचलं की ते अलगद टोपलीत पडतं. फळ उघडलं की काळपट कवचावर लालभडक जायपत्री जाळीसारखी चिकटलेली. ती सोडवून वेगळी वाळवतात, वाळताना तिचा लाल रंग पिवळट होत जातो. बी आठवडे-आठवडे वाळत राहते आणि हलवल्यावर कवचात खुळखुळली की झालं. श्रीखंडात चिमूटभर घालतो ते कुठून निघालं हे इथे कळतं. याच मसाल्यासाठी 1621 साली डच कंपनीने बेटांवरची जवळजवळ सगळी मूळ वस्ती मारून किंवा हाकलून टाकली. त्या शांत बागांत फिरताना हे माहीत असावं.

आय आणि हाता या बाहेरच्या बेटांच्या सार्वजनिक बोटींत नवखा माणूस हमखास फसतो. बोट सकाळी बेटावरून नेइराच्या बाजाराला येते आणि दुपारी परत जाते. त्यामुळे नेइराहून एका दिवसात जाऊन येणं त्या बोटीने होत नाही. एक मुक्काम तिकडेच धरा.

जेवणात शाकाहारी माणसाची दोन्हीकडे अडचण आहे, कारण साम्बल या तिखट चटणीत तरासी, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीचा लगदा, असतोच. तरी बांद्यात कनारी बदामाच्या रश्शातलं वांगं मिळतं, सकाळी जायफळाचा जॅम असतो. आरबोरेकला भात, पालेभाजी आणि मिळालंच तर टोफू. मेतकूट बरोबर असू द्या.

'तिकडे जागाच घेऊन होमस्टे टाकू' हा विचार मात्र दोन्हीकडे सोडलेला बरा. 1960च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला मालकी हक्क मिळत नाही, आणि स्थानिक माणसाच्या नावावर घेतलेला व्यवहार कोर्टात टिकत नाही. रीतसर कंपनी काढायची तर गुंतवणूक 1000 कोटी रुपियांच्या वर दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटींहून जास्त. पापुआत, म्हणजे राजा अम्पातच्या बाजूला, त्याशिवाय जमीन अख्ख्या घराण्याची सामाईक असते. एका भावाने सही केली आणि उरलेल्यांनी पुढच्या वर्षी वाटेवर आडवं लाकूड टाकलं, तर ते काढायला कोणी येत नाही. सामाईक सातबाऱ्यावर ज्यांनी हात पोळून घेतलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मला विचाराल तर पारडं थोडं बांद्याकडे झुकतं. तिथला मनस्ताप येताना एकदा आणि जाताना एकदा, आरबोरेकचा रोज सकाळी. पण सुट्टी दहा दिवसांची असेल, किंवा डाइव्हिंग हाच मुद्दा असेल, तर राजा अम्पातच धरा. तिथे निदान परतीचा दिवस हातात असतो.

कारण बांद्याहून निघणं हे खरं काम. वाटा तीन. अंबोनजवळच्या तुलेहू बंदराशी ये-जा करणारी वेगवान बोट, साधारण सहा तासांची, पण फक्त समुद्र शांत असण्याच्या मोसमात. सरकारी कंपनी पेल्नीचं मोठं जहाज, जे रोज नाही, आणि ज्याचं वेळापत्रक फार आधी कळत नाही. आणि छोटं विमान, सामान 10 किलोच्या आसपास. हवा बिघडली की रद्द. आधी पेल्नीच्या परतीच्या तारखा बघायच्या आणि त्यावरून जाण्याची तारीख काढायची, उलट नाही. अंबोन ते जकार्ता तिकीट जहाज पोहोचण्याच्या दिवसानंतर किमान तीन दिवसांनी घ्या. आगमनावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा असतो, त्यातही तेवढी फट राहू द्या. मुदत उलटली की दिवसाला 10 लाख रुपिया दंड, आणि जहाज आलं नाही ही सबब विमानतळावर चालत नाही.