बादली भरलेली की रिकामी? : सुट्टीतल्या नाट्यवर्गाचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझी अकरा वर्षांची मुलगी कोथरूडमधल्या एका नाट्यप्रशिक्षण वर्गाला १८ दिवस जात होती. रोज सकाळी दोन तास, शुल्क ४,५०० रुपये आणि वयोगट ९ ते १५ अशी वर्गाची रचना होती. शेवटची वीस मिनिटे पालकांना मागच्या बाकांवर बसण्याची मुभा असल्यामुळे तिथे काय शिकवले जाते ते मला बऱ्यापैकी पाहता आले. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे जी तक्रार करणार आहे ती या एकाच वर्गापुरती नसावी, असे इतर पालकांशी बोलल्यावर वाटले.

पहिले दहा दिवस मुलांच्या हाती संहिता दिलीच नाही. यावर काही पालकांची कुरकुर होती, कारण मुलाला पाठ केलेले संवाद म्हणता आले की अभिनय आला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते मात्र या वर्गात पैसे वसूल झाले ते याच दहा दिवसांत.

चौथ्या दिवशी मुलांना पाण्याची बादली उचलून आणल्याचा मूकाभिनय करायचा होता. बहुतेकांनी दात-ओठ खाल्ले, कुंथून दाखवले. एकाने तर कपाळावरचा घामही पुसला. सरांनी एवढेच विचारले, "बादली भरलेली आहे की रिकामी? भरलेली असेल तर तुझा दुसरा हात काय करतोय?" कोणालाच उत्तर देता येईना, तेव्हा त्यांनी खरी बादली काठोकाठ भरून आणवली. एकेकाने ती उचलून चालायचे आणि बाकीच्यांनी निरखायचे. बादलीच्या बाजूचा खांदा खाली ओढला जातो, कंबर उलट्या बाजूला झुकते, मोकळा हात आपोआप अंगापासून दूर जातो, पाणी हिंदकळू नये म्हणून पावले आखूड पडतात आणि चेहरा मात्र फारसे काही करत नाही, हे सगळे मुलांनीच शोधून सांगितले. नंतर तीच मुले बादलीशिवाय चालली, तेव्हा कोणाच्या बादलीत किती पाणी आहे हे मागच्या बाकावरूनही ओळखता येत होते.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीच्या अभिनयपद्धतीत ज्याला ‘दिलेली परिस्थिती’ (पात्र कुठे, केव्हा, कोणत्या अडचणीत आहे ते) म्हणतात, तिची ओळखही सरांनी ते नाव न घेता याच बादलीवरून करून दिली. नळ जायला पाच मिनिटे उरली आहेत, घरात आजी झोपली आहे, बादली शेजाऱ्यांची आहे आणि न विचारता आणली आहे, अशी एकेक अट वाढत गेली आणि प्रत्येक अटीबरोबर चाल बदलत गेली. हावभाव शिकवण्याची गरजच पडली नाही.

आवाजाचे कामही तितकेच नेटके होते. पाठीवर झोपून पोटावर वही ठेवायची आणि श्वास घेताना खांदे न उचलता वही वर गेली पाहिजे, हा व्यायाम पुष्कळ ठिकाणी घेतात. मला नवे वाटले ते पुढचे. वर्तमानपत्रातली बातमी दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाला न ओरडता ऐकवायची होती. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नवशिक्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. "बाबा आज घरी येणार नाहीत" यातले "नाहीत" गिळले गेले की प्रेक्षकाच्या दृष्टीने बाबा घरी येतात. हे उदाहरण मुलांना इतके आवडले की घरीही आठवडाभर आम्हा सर्वांची क्रियापदे तपासली जात होती.

गैरसोयींत फार वेळ घालवत नाही. ३२ मुलांना दोनच शिक्षक होते आणि पत्र्याच्या छताखाली अकरानंतर बसवत नव्हते. नऊ आणि पंधरा वर्षांची मुले एकाच गटात ठेवल्यामुळे लहान मुले मोठ्यांची नक्कल करू लागत, ही चूक मात्र सहज टाळता आली असती.

खरी तक्रार अकराव्या दिवसापासूनची आहे. समारोपाच्या प्रयोगासाठी ४० मिनिटांचे नाटक बसवायला घेतले आणि शिकवण्याची सगळी तऱ्हाच बदलली. "मी करून दाखवतो तसे कर" हे वाक्य सुरू झाले. धीट मुलांना संवाद मिळाले, बुजऱ्यांना गर्दी मिळाली. ज्यांना नाटकाची गरज अधिक त्यांनाच विंगेजवळ उभे केले. प्रयोगाच्या दिवशी प्रत्येकाच्या कॉलरला माइक लावल्यामुळे दहा दिवसांच्या श्वासाच्या मेहनतीचे काही कामच उरले नाही. सर्वांत खटकले ते हे, की नाटकात नळावरच्या भांडणाचा प्रवेश होता आणि त्यात मुली भरलेल्या म्हणून आणलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादल्या हातात झुलवत नाचत आल्या. टाळ्या भरपूर पडल्या.

यात दोष केवळ सरांचा नाही. बालनाट्य म्हटले की रंगमंचावर मुले दिसलीच पाहिजेत, अशी आपली अपेक्षा असते. वास्तविक मुलांसाठी नाटक करणे आणि मुलांना नाटक शिकवणे ही दोन निराळी कामे आहेत. पुण्यात थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेने १९८६ पासून बर्लिनच्या ग्रिप्स थिएटर या मुलांसाठी नाटके करणाऱ्या संस्थेच्या धर्तीवर जी नाटके केली, त्यांत मुलांच्या भूमिका मोठी माणसेच करत आली आहेत आणि समोर बसलेल्या मुलांचे त्यावाचून काही अडलेले नाही. शिकणाऱ्या मुलाला प्रेक्षकगृहाची घाई नसते. ती पालकांना आणि त्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांना असते, आणि त्यांत मीही होतो.

हे सर्व मी सरांना भेटून सांगितले. समारोप ठेवला नाही तर पुढच्या वर्षी निम्मेही प्रवेश होत नाहीत, असे ते मोकळेपणाने म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत ते १५ मुलांचा, दहा दिवसांचा आणि प्रयोग नसलेला वर्ग घेणार आहेत. शुल्क ३,५०० रुपये आहे, म्हणजे दिवसाच्या हिशेबाने उन्हाळ्यापेक्षा महागच. मी पैसे भरून आलो आहे. त्या वेळी यादीत माझ्या मुलीचे नाव चौथे होते.