बाळ काचेआड की आईच्या छातीवर?
कमी वजनाचं बाळ एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) गेलं की जुनी पद्धत म्हणजे आई काचेबाहेर, आजी बाकड्यावर, सिस्टर मागेल तेव्हा वाटीत दूध काढून आत द्यायचं. इन्फेक्शनची भीती खरीये, पण मग डिस्चार्जला बाळ हातात आलं की त्या माउलीचे हात थरथरतात हो!

दुसरी म्हणजे आईबाबांना आत घेऊन हात धुण्यापासून वाटी-चमच्यानं पाजण्यापर्यंत सगळं शिकवायचं (दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलात हे आधी केलं, केंद्राच्या गाइडलाइन्स २०१७ च्या) आणि बाळ उघड्या छातीशी धरायचं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर असं धरलं तर मृत्यू २५ टक्के कमी दिसले. मला दुसरीच पटते, फक्त बाबांनाही खरोखर आत सोडा.