साडेआठ हजारांची सॅडल आणि फ्रिजवरचं चुंबक

सायकल सर्व्हिसिंगला टाकली त्या दिवसापर्यंत माझं बूड कधी दुखलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात उभा असताना मला नेमकं हेच आठवलं नाही.

रविवारी पहाटे इंदिरानगरहून निघायचं, त्र्यंबकला जाऊन यायचं, येताना मिसळ, हा चार वर्षांचा शिरस्ता. सॅडल, म्हणजे सायकलची सीट, रोड बाईकबरोबर आली तीच, १४३ मिमी रुंद, बऱ्यापैकी कडक. २०१५ साली आपल्या डॉक्टर महाजन बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली, तेव्हापासून नाशकात महागड्या सायकलींचं वेड चांगलंच वाढलंय. त्यामुळे सायकलवाल्याकडे गेलं की तो जाणकारच असणार, असं आपण धरून चालतो. मीही धरलं.

सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्याच फेरीला अंजनेरी यायच्या आत नाजूक जागी बधिरपणा आला. दर दहा मिनिटांनी उभं राहून पेडल मारायचं, परत बसायचं. पुढच्या रविवारी तर अर्ध्यातून मागे फिरलो. घरी विचारणा झाली, “अहो, मिसळ इतक्या लवकर?” काय सांगणार!

दुकानात गेलो. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सर, वयाप्रमाणे सॅडल बदलावी लागते. ही अरुंद पडते तुम्हाला.” माप कसलंच घेतलं नाही. कपाटातून १५५ मिमीची एक काढली. इटालियन, कार्बन रेलची (रेल म्हणजे सॅडलखालच्या दोन दांड्या), बाहेर चौदा हजारांना, तुम्हाला साडेआठ. वर ‘फिटिंग’चे दीड हजार. लेझर लावला, गुडघ्यापाशी ओळंबा धरला, सीटपोस्ट, म्हणजे सॅडल धरणारा दांडा, खाली-वर केला. बिल मागितलं तर “जीएसटीचं केलं तर वाढेल सर” म्हणाले, आणि मी पैसे मुकाट्याने त्यांच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआयने पाठवले.

दुखणं थांबलं. मी दहा जणांना त्यांचं कौतुक सांगितलं, त्यातले दोघे तिथे पैसेही मोजून आले. त्या दोघांची माफी मागून झाली आहे.

बिंग फुटलं ते आमच्या ग्रुपमधल्या एका काकांमुळे. उमेदीची वर्षं सातपूरला टूलरूममध्ये गेलेली, त्यामुळे खिशात बारीक मापं घेणारं व्हर्नियर घेऊन हिंडणारा माणूस. सॅडल करकरते म्हणून घरी बघायला आले. खाली वाकून रेल मोजली आणि म्हणाले, “सात मिमी, गोल. कार्बनची बहुतेक अंडाकृती असते, सात बाय नऊ. फ्रिजवरचं चुंबक आण.” चुंबक टक्कन चिकटलं. कार्बनला चिकटत नाही, टायटॅनियमलाही नाही. सुरीने थोडं खरवडलं तर काळ्या रंगाखाली चकचकीत पोलाद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ३१२ ग्रॅम, खाली छापलेलं होतं १८६.

मग काकांनी विचारलं, “पण जुनी काढायची वेळ का आली?”

सीटपोस्टवर मी उंचीची खूण म्हणून इन्सुलेशन टेपची पट्टी लावून ठेवतो, बाईक गाडीत घालताना तो काढावा लागतो म्हणून. फोनमध्ये दोन फोटो सापडले. सर्व्हिसिंगच्या आधी सोमेश्वरला काढलेल्या फोटोत पट्टी दांडा आवळणाऱ्या क्लॅम्पला टेकलेली आणि सॅडल सपाट. सर्व्हिसिंगनंतर अर्ध्यातून फिरलो त्या दिवशीच्या फोटोत पट्टी बोटभर वर आणि सॅडलचं नाक आकाशाकडे. उंची वाढली की पाय पुरत नाहीत, कंबर डावी-उजवी डोलते. वर नाक उचललेलं असलं की सगळा भार बुडाच्या हाडांऐवजी मऊ भागावर येतो आणि तिथली नस दबते. म्हणजे मला आराम पडला तो सॅडलने नव्हे. नवी बसवताना त्यांनी उंची आणि उतार पुन्हा जागेवर आणला, त्याने.

रुंदीचं मापही काकांनीच घ्यायला लावलं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवायचा, त्यावर थोडं पुढे वाकून बसायचं, गुडघे जरा वर. दोन हाडांचे दोन खळगे उमटतात. माझे मध्यापासून मध्यापर्यंत ११८ मिमी भरले. त्यात साधारण वीस ते तीस मिळवायचे, ती सॅडलची रुंदी. जुनी १४३ ची बरोबरच होती! मऊ गादीची घ्या असंही कोणी सांगेल, पण फार मऊ सॅडलमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन टोचतो.

आता मी आधी एलन की, म्हणजे सॅडलचे स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली, उचलतो. टाच पेडलवर, पेडल अगदी खाली, पाय जेमतेम सरळ होईल इतकी उंची. सॅडल सपाट, फार तर नाक एखादा अंश खाली, त्याहून जास्त केलं की पुढे घसरून सगळं वजन हातांवर येतं. एका वेळी एकच बदल, तोही दोन-तीन मिमी, मग एखादी मोठी फेरी. बिब शॉर्ट्सच्या, म्हणजे सायकलिंगच्या पॅडवाल्या चड्डीच्या, आत काही घालायचं नाही, हे लाजून कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगून टाकतो.

उंची आणि नाक मुद्दाम बिघडवलं का, हे मी शपथेवर सांगणार नाही. धुताना सीटपोस्ट काढून पोऱ्याने कसाही बसवला असेल. पण मी तक्रार घेऊन गेल्यावर मालकांना ते दिसलं नाही, हे पटत नाही. आणि पोलादाला काळा रंग फासून कार्बन म्हणून विकणं ही चूक नव्हे.

चुंबक घेऊनच दुकानात गेलो. आधी “लॉट तसा आला”, मग “दुसरा पीस देतो”. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, यूपीआयची नोंद आणि फोटो जोडले. बिल नव्हतं, तिथे माझी बाजू लंगडी पडली. शेवटी सहा हजार आले. सॅडल त्यांनी परत घेतली, फिटिंगचे गेले ते गेले.

हे सगळं विसरलोही असतो. पण परवा बहिणीच्या मुलाने फोटो पाठवला, “मामा, ही घेऊ का? सात हजार म्हणतायत.” फोटो मोठा करून पाहिला. रेलवर मी सुरीने खरवडलं होतं तिथे काळं मार्कर फिरवलेलं होतं.