उशाशी ठेवायचा स्तोत्रांचा स्पीकर: कोणता घ्यावा, कसा भरावा

जेवण झालं, गोळ्या झाल्या, टीव्ही बंद झाला, की सत्तरी ओलांडलेल्या अनेकांची खरी रात्र सुरू होते. झोप लागेल का, रात्री काही झालं तर कुणाला कळेल का, मुलगा शेवटच्या लोकलने नीट पोचेल का, हे सगळं दिवे मालवल्यावरच समोर येतं. ख्रिस्ती घरांत अशा वेळी मुलं-सुना बहुतेक तीनपैकी एक वस्तू आणून देतात: मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, फोनवर ऑडिओ बायबलचं अ‍ॅप, नाहीतर मेमरी कार्डावर चालणारा छोटा स्पीकर. चष्मा काढून अंधारात पडलेल्या माणसाला यातलं काय खरोखर वापरता येतं, ते इथे पाहिलं आहे. आमचा कौल स्पीकरला. मात्र दुकानातून येतो तसाच उशाशी ठेवला तर तो झोप आणण्याऐवजी उडवेल.

पुस्तकाचं थोडक्यात सांगतो. मोठ्या अक्षरांचं संपूर्ण शास्त्र दिवसा टेबलावर ठेवून वाचायला उत्तम, पण पडून वाचायचं तर वजनाने मनगटं भरून येतात, शिवाय वर दिवा लावावाच लागतो. त्याऐवजी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र एका ए-फोर कागदावर २४ पॉइंटमध्ये छापून घ्या. मुंबईच्याच एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ हा मोफत टंक यासाठी चांगला आहे. दोन ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळं काळं दिसतं. लॅमिनेशन टाळा, कारण दिव्याचा झोत त्यावर चमकतो.

अ‍ॅपची अडचण वेगळी आहे. पडद्याचा उजेड आणि मधेच वाजणारे मेसेज बंद करता येतात; एकामागून एक अध्याय आपोआप पुढे चालत राहतो, ते मात्र चटकन लक्षात येत नाही. झोपताना म्हणून कुणी ४ थं स्तोत्र लावतं. ते संपलं की ५ वं आणि लगेच ६ वं, ज्यात रात्रभर रडून अंथरूण भिजल्याचं वर्णन आहे. डोळा लागायच्या बेताला नेमकं तेच कानावर पडतं. अ‍ॅपच वापरायचं असेल तर १२१ पासून लावा. यरुशलेमच्या यात्रेला चढून जाताना म्हणायच्या स्तोत्रांची ही माळ १२० ते १३४ अशी आहे. १२१ पासून शेवटपर्यंत मिळून ९४ ओव्या होतात आणि १३२ सोडलं तर सगळी स्तोत्रं आखूड आहेत. सावकाश वाचनात साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि शेवटचं १३४ तर रात्री परमेश्वराच्या घरात उभ्या राहणाऱ्या सेवकांचंच आहे. तिथे टायमरने थांबलंच पाहिजे, कारण मधली दोनच स्तोत्रं संपली की १३७ येतं आणि त्याचा शेवट झोपेत ऐकण्यासारखा नाही. नाट्यरूप ध्वनिमुद्रणं तर रात्रीसाठी बादच करा. त्यांतल्या पार्श्वसंगीताने ऐकू कमी येणाऱ्यांना शब्द कळत नाहीत, आणि मधेच वादळ कडाडलं की छातीत धडधडतं.

आता स्पीकर. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणि एफएम चालवणारे हाताएवढे स्पीकर साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतात. आवाज आणि बॅटरी यांवर दुकानदार खूप बोलेल, पण रात्रीसाठी त्याहून महत्त्वाच्या चार गोष्टी आहेत. आवाजाला फिरवायचं चाक हवं. बटणांच्या बऱ्याच मॉडेलांत ‘पुढे’चंच बटण दाबून धरलं की आवाज वाढतो, आणि हात थरथरणाऱ्या माणसाकडून ते दाबूनच धरलं जातं. चालू करताना तो मोठ्याने इंग्रजीत काही घोषणा करतो का, ते दुकानातच ऐका. करत असेल तर दुसरा मागा, कारण ती घोषणा सहसा बंद करता येत नाही. सर्वांत कमी आवाज खरोखर कमी आहे का, हे रस्त्याच्या गोंगाटात कळत नाही, म्हणून आत, दाराआड लावून पाहा. निळे दिवे मात्र आड येऊ देऊ नका, त्यांच्यावर काळी इन्सुलेशन टेप बसते.

खरं काम कार्डाचं आहे. ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घ्या. त्याहून मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि स्वस्त स्पीकर ती वाचत नाहीत. चार जीबीही पुष्कळ होतं: ६४ केबीपीएसच्या मोनो एमपीथ्रीत त्यावर १३० तासांहून अधिक वाचन मावतं. फोनवर रेकॉर्ड केलेली फाइल बहुधा एम-फोर-ए असते आणि असा स्पीकर ती न वाजवता पुढे सरकतो. ‘कार्ड खराब आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते, तेव्हा फाइल आधी एमपीथ्री करून घ्या. दुसरी गंमत क्रमाची: यांतले बरेच स्पीकर नावाच्या क्रमाने नाही, तर फाइल कार्डावर ज्या क्रमाने चढवल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड कोरं करा, ००१, ००२ अशी नावं द्या आणि एकेक करून चढवा.

काय भरावं? आम्ही स्तोत्रं ४, १२१, २३, १३१ आणि बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकातला ४६:३-४ हा क्रम सुचवतो. १३१ फक्त तीन ओव्यांचं, आईपाशी शांत झालेल्या लेकराचं आहे. यशयाचा भाग केस पिकेपर्यंत वाहून नेण्याच्या वचनाचा आहे, म्हणजे थेट या वयाशी बोलतो. प्रत्येकामध्ये आठ-दहा सेकंद शांतता ठेवा आणि हीच माला पुन्हा एकदा चढवा. दुसऱ्या खेपेला नवीन काही येणार नाही हे मनाला माहीत असतं, म्हणून ते कान टवकारणं सोडतं. लूक २ मधलं, ‘आता शांतीने जाऊ दे’ म्हणणाऱ्या शिमोनाचं गीत चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत शतकानुशतकं म्हटलं जातं. पण मरण हीच ज्यांची रात्रीची भीती आहे, त्यांना विचारूनच घ्या. ९१ व्याचंही तसंच: रात्रीच्या भयापासून राखण्याचं वचन काहींना आधार देतं, तर मरीची ओवी ऐकून काहींना कोविडचे दिवस आठवतात.

भाषांतर त्यांच्या पाठांतरातलंच हवं. २३ व्या स्तोत्रातलं ‘मला काही उणे पडणार नाही’ हे बालपणापासून तोंडात बसलेलं असेल आणि कानावर दुसरेच शब्द आले, तर मन निवांत होण्याऐवजी चूक दुरुस्त करत बसतं. वाचन घरातल्या कुणी किंवा पाळकसाहेबांनी करावं: दुपारी, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर दूर धरून. आवाज खालच्या पट्टीत ठेवा, कारण वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. गेलेल्या जोडीदाराचं जुनं रेकॉर्डिंग मात्र न विचारता घालू नका. तबला-पेटीची भजनं सकाळच्या कार्डावर शोभतात.

माला संपली की स्पीकर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि साध्या मॉडेलांत टायमर नसतो. त्यावर उपाय म्हणजे शेवटची फाइल आठ तासांच्या निव्वळ शांततेची. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये ती तयार होते. ३२ केबीपीएस मोनोत जेमतेम ११५ एमबी. याचा खरा फायदा पहाटे तीनला कळतो: लघवीला उठून परत आलेल्या माणसाने ‘पुढे’ एकदा दाबलं की शांतता संपून ४ थं स्तोत्र लागतं. फोन शोधणं नाही, कुणाला हाक मारणं नाही. त्या बटणावर कापडाचा तुकडा चिकटवा, म्हणजे बोटाला अंधारात कळेल. जिथे थांबला तिथूनच सुरू होणारे स्पीकर दुसऱ्या रात्री शांततेतच चालू होतात आणि ‘बिघडला’ म्हणून कोपऱ्यात पडतात. त्यांनाही तेच एक बटण पुरतं. चार्जिंग दिवसाच करा. रात्री चार्जरला लावलेला स्पीकर गुणगुणतो, आणि बॅटरी जुनी झाली की ती संपत आल्याचं ऐन पहाटे स्वतःच ओरडून सांगतो.

वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर पडून झगडू नये. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून, मग खुर्चीत जावं, मंद दिव्यात तोच छापलेला कागद वाचावा आणि पेंग आली की परतावं. चिंतांची यादी संध्याकाळी सातच्या सुमारास वहीत लिहून प्रार्थनेत ठेवावी, अंथरुणावर नाही. कॅथलिक घरांत तेर्स, म्हणजे माळेच्या मण्यांवर करायची रोझरीची प्रार्थना, म्हणायची असेल तर तीही बसून, झोपायच्या आधी. पडून म्हटली तर मणी सुटतात आणि राहून गेल्याची टोचणी लागते.

भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडला, असं त्यांना कुणीही, अगदी प्रेमानेही, म्हणू नये. रात्रभर जागून देवाला हाका मारणारी माणसं याच स्तोत्रांत पानोपानी आहेत. आडवं झाल्यावर धाप लागणं, छातीत आवळणं, संध्याकाळनंतर नव्याने गोंधळल्यासारखं होणं, हे मात्र स्पीकरचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. झोपेची गोळी चालू असेल तर स्तोत्रं लाभली म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. मन फारच घाबरं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालतो. तो त्याच छापलेल्या कागदाच्या पाठीमागे मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

स्वस्त कार्डं अचानक दगावतात. सगळं जमलं की त्याच क्रमाने दुसरं कार्ड भरा, पाकिटात घालून स्पीकरच्या खाली चिकटवा आणि कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.